चुकलं की पहिल्यापासून

काशीतल्या संकठा घाटाच्या गल्लीत वेणीमाधवशास्त्र्यांचा दरारा मोठा होता, आणि तो सगळा त्यांच्या कानाचा होता. अंगाने माणूस काडीपैलवान, आवाजही एरवी चढा नाही. पण खालच्या खोलीत दहाजण एका सुरात वेदाची संथा घेत असले आणि त्यातल्या एकाने खाली ठेवायचा स्वर वर ठेवला, की वरच्या मजल्यावर दाढी करत असलेले शास्त्री आरशासमोरूनच ओरडत, "पहिल्यापासून!" आणि सगळी सकाळ पाण्यात. चुकलं तिथूनच सुधारून पुढे जायची मुभा त्यांच्याकडे कोणालाच नव्हती. त्यांच्या वडिलांनी ती त्यांना दिली नव्हती आणि आजोबांनी वडिलांना. चूक झाली की आरंभाला जायचं आणि पुन्हा चालत यायचं. विद्यार्थी पाठीमागे त्यांची नक्कल करत, कचौरी खाताना कोणाला ठसका लागला तरी बाकीचे "पहिल्यापासून!" म्हणून खिदळत. शास्त्र्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

निनाद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मुंज झाल्यापासून त्याचा उजवा हात आपल्या हातात धरून, स्वर वर गेला की हात वर, खाली आला की खाली, असं त्यांनी त्याला शिकवलं. आणि हा पठ्ठ्या मोठा होऊन निघाला विमान चालवायला! राजा घाटावरच्या भाऊबंदांनी नाकं मुरडली. शास्त्र्यांनीही महिनाभर मुलाशी धड बोलणं ठेवलं नाही. मग एका संध्याकाळी निनादने फोनवर कॉकपिटमधला फोटो पाठवला, तो त्यांनी चष्मा लावून, चष्मा काढून, असा चारदा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी घाटावर भेटेल त्याला दाखवत सुटले.

त्या निनादला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. नर्मदेकाठच्या कुठल्याशा धावपट्टीवर उतरताना, शेवटच्या वळणात, त्याचं लहानसं विमान गिरकी घेऊन खाली आलं. विमानात तो एकटाच होता.

या वर्षात शास्त्री मोडून पडले नाहीत याचं गल्लीला नवल वाटे. त्यांना धरून ठेवलेलं होतं एका गोष्टीने. पडताना निनादचा रेडिओ चालू राहिला होता, आणि धावपट्टीच्या मनोऱ्यात बसलेल्या माणसांनी त्याचा आवाज ऐकला होता. ती माणसं होती केरळची, पंजाबची. त्यांना शब्द कळले नाहीत, पण ती एवढं म्हणाली की मुलगा ओरडला नाही, रडला नाही. शांतपणे, एका लयीत, कसला तरी मंत्र म्हणत होता. शास्त्र्यांनी ते ऐकलं तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि तरीही त्यांच्या छातीत काहीतरी निवलं होतं. मुलगा काशीत गेला नाही, आईबापांच्या मांडीवर गेला नाही. पण मुखात मंत्र घेऊन गेला. काशीतल्या माणसाला याहून मोठा दिलासा कोणता असतो?

फक्त एक टोचणी राहिली होती. मंत्र कोणता? त्यांच्या घराण्यात रीत होती की पाठ म्हणता म्हणता कोणाचा श्वास तुटला, तर जिथे तुटला तिथून पुढचं घरातल्या दुसऱ्याने म्हणून पुरं करायचं. शास्त्र्यांनी स्वतःच्या वडिलांचा पाठ असाच पुरा केला होता. निनादचा पुरा करायचा, तर तो काय म्हणत होता आणि कुठवर आला होता, हे कळायला नको? वर्षश्राद्ध उद्यावर आलं होतं, आणि ते सांगू शकणारी एकच व्यक्ती आज घरी येणार होती.

तिचं नाव नीरजा. नाशिकची, पंचेचाळिशीची, केस बारीक कापलेली आणि चालण्यात एक सैनिकी नेटकेपणा असलेली. ज्यांना विमान चालवायचा परवाना मिळालेला आहे, अशांना ती पुढचं शिकवायची. विमान सरळ उडवता येतं सगळ्यांना; ते उलटं झालं, पंखांखालचा आधार सुटला, इंजिन बंद पडलं, म्हणजे काय करायचं, हे तिचं शिकवणं. ती विद्यार्थ्याला उंच नेऊन मुद्दाम विमान पाडायची आणि म्हणायची, "आता सावर." निनाद जाण्याआधी काही महिने तिच्या हाताखाली शिकला होता.

त्या शिकण्यात शास्त्र्यांचाही वाटा होता, आणि तो कसा, ते सांगायला हवं.

तेव्हा निनादचा रोज संध्याकाळी फोन यायचा. एकदा तो कुरकुरत म्हणाला, "बाबा, गिरकीतून निघायच्या चारच गोष्टी आहेत. पण एकापाठोपाठ, बरोबर क्रमाने व्हायला पाहिजेत. आणि बीचमध्ये माझी गडबड होते. विमान गरगर फिरतं ना, तर जीव म्हणतो हातातली दांडी पोटाशी ओढ. ओढली की खेळ खतम. ती पुढे ढकलायची असते, जमिनीकडेच."

"जमीन समोर दिसत असताना?"

"हो ना! तेच तर."

"गडबड होते कारण पाठ नाही," शास्त्री म्हणाले. "काय चार गोष्टी आहेत त्या सांग. मी बांधून देतो."

निनादने सांगितल्या. इंजिनची ताकद काढून घ्यायची, हात मधोमध आणायचा, विमान फिरतंय त्याच्या उलट पाय दाबायचा, आणि मग दांडी पुढे. शास्त्र्यांनी ते घोळवलं आणि त्याच संध्याकाळी चार चरण करून टाकले: शक्ती बंद, हात मध्ये, पाय उलटा, दांडी पुढे. त्यावर स्वर चढवले. आणि मग फोनवर संथा सुरू झाली. बाप एकदा म्हणायचा, मुलगा दोनदा म्हणायचा. निनादची आई इंदूबाई आतून हसायच्या, "विमानाचा वेद काढलाय यांनी!" निनादचा कुठे पाय आधी की दांडी आधी असा घोळ झाला, की शास्त्री ताबडतोब ओरडायचे.

"पहिल्यापासून!"

"अहो बाबा, वर आकाशात कुठे इतका टाइम असतो?"

"आकाशात अस नाहीतर पाताळात अस. चुकलं की पहिल्यापासून."

महिन्याभरात पोराचा पाठ खणखणीत झाला. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल असा. नीरजाबाईंनी शाबासकी दिली म्हणून त्याने फोन केला, तेव्हा शास्त्र्यांनी इंदूबाईंना पेढे आणायला पिटाळलं होतं.

नीरजा आली ती सकाळी, धुकं जरा विरल्यावर. रामनगरच्या पलीकडे, मिर्झापूरच्या बाजूला एक जुनी धावपट्टी आहे, तिथे तिची नवी तुकडी शिकत होती. इंदूबाईंनी मटार-पोह्यांचं चूडा-मटर केलं होतं. त्या तिच्या शेजारीच बसल्या आणि तिच्या हाताकडे बघत राहिल्या. या हातांनी आपल्या मुलाला शिकवलं, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं.

"निनादला आवडायचं का हो हे? तिकडे मिळायचं?" त्यांनी विचारलं.

"मटार नसायचे काकू. पोहे असायचे, कोरडे. तो तुमची आठवण काढून त्या पोह्यांना नावं ठेवायचा."

इंदूबाई हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून चहा टाकायला उठल्या.

त्या आत गेल्यावर शास्त्री पुढे सरकले. "बाई, तुम्ही ऐकलंत म्हणे."

"हो काका. मागच्या महिन्यात चौकशीवाल्यांनी रेडिओचं रेकॉर्डिंग ऐकायला बोलावलं. मराठी कळणारं कोणी हवं होतं." तिने ताटली खाली ठेवली. "म्हणूनच आले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

"मंत्र होता ना?"

नीरजाची नजर खाली ताटलीकडे वळली. त्याचा अर्थ न कळण्याइतके शास्त्री भोळे नव्हते. त्यांनी नुसता हात पुढे करून 'बोला' म्हटलं.

"काका, तो मंत्र नव्हता. विमानाच्या दांडीच्या मुठीवरच रेडिओचं बटण असतं. मूठ आवळली की ते दाबलं जातं, म्हणून आवाज आला. तो तुमचे ते चार चरण म्हणत होता."

शास्त्री बघतच राहिले. वर्षभर उराशी धरलेलं हातातून निसटलं. पण खरं सांगायचं तर पहिला धक्का बसल्यावर त्यांना वाईट वाटलं नाही. पोरगा लढत होता तर! घाबरून देवाचा धावा करत नव्हता, शिकवलेलं करत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यात थोडा अभिमानही होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

"शब्द सांगा," ते म्हणाले. "जसेच्या तसे. काही गाळू नका."

नीरजाने डोळे मिटले. ते तिने किती वेळा ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "शक्ती बंद, हात मध्ये, दांडी..." ती थांबली. "इथे तो अडला. पाय यायला हवा होता, दांडी म्हणाला. मग लगेच परत म्हणाला. शक्ती बंद, हात मध्ये, पाय उलटा. इथे आवाज संपतो."

आत चहा उकळल्याचा वास येत होता. शास्त्र्यांच्या हाताची बोटं गुडघ्यावर होती, ती तशीच राहिली.

"दोनदा म्हणाला," नीरजा सांगत होती. "घाबरून माणूस तेच तेच बोलतो, काका. पण त्याचा आवाज बिलकुल घाबरलेला नव्हता. मला त्याचंच नवल वाटतं."

तिला नवल वाटत होतं, कारण तिला ठाऊक नव्हतं. त्या रेकॉर्डिंगमधला आवाज हजारजणांनी ऐकला असता तरी कोणाला कळलं नसतं. ते कळणारा जगात एकच माणूस होता आणि तो तिच्यासमोर बसला होता. निनाद दोनदा म्हणाला नव्हता. निनाद चुकला होता, आणि चुकल्यावर, जमीन अंगावर येत असताना, बापाने लावलेल्या शिस्तीने तो आरंभाला गेला होता. जिथे चुकलं तिथेच 'पाय उलटा' म्हणून पुढे जायच्या ऐवजी!

शास्त्र्यांनी पाण्याचा गडू उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"बाई," त्यांनी विचारलं, "तो अडला नसता... दुसऱ्यांदा म्हणण्यात वेळ गेला नसता... तर?"

"नाही काका. त्या उंचीवर गिरकी सुरू झाली म्हणजे कोणीच निघत नाही. मीसुद्धा नसते निघाले." मग ती खरं बोलणारी बाई असल्यामुळे तिच्या तोंडून आणखी एक शब्द गेला. "बहुतेक."

तो एक शब्द शास्त्र्यांच्या कानात राहिला. कान तर त्यांचा तसला होता.

इंदूबाई चहा घेऊन आल्या. नीरजाने विषय बदलला आणि दोघांना बरं वाटावं म्हणून म्हणाली, "काकू, तुमच्या मुलाने माझ्या सगळ्या पोरांना ते चार चरण शिकवलेत. सुरुची आहे ना, तुमच्या इथलीच, रेल्वे कॉलनीतली, ती त्याच्याबरोबर शिकत होती. तिने नव्यांना शिकवलं. आता माझी अख्खी तुकडी तेच म्हणते, अगदी त्याच्याच चालीत. हिंदीभाषक पोरंसुद्धा."

"म्हणजे माझा निनाद अजून शिकवतोय," इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

शास्त्र्यांच्या ओठावर प्रश्न आला होता: ती पोरं चुकल्यावर काय करतात? पण बायकोच्या त्या उजळलेल्या चेहऱ्यासमोर तो त्यांनी गिळला.

दुसऱ्या दिवशी राजा घाटावर वर्षश्राद्ध झालं. मुलाने बापाला पाणी द्यायचं, ते इथे बापाने मुलाला दिलं. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. सगळं यथासांग पार पडल्यावर बरोबरचे भटजी म्हणाले, "शास्त्रीबुवा, तो राहिलेला पाठ पुरा करणार होता ना? म्हणा."

"आज नाही," शास्त्री म्हणाले.

भटजींनी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या सामान आवरू लागल्या. परतताना पायऱ्यांवर दम खायला दोघं नवराबायको टेकले तेव्हा मात्र इंदूबाईंनी विचारलं, "काय सांगितलं हो नीरजाबाईंनी? मी मुद्दामच आत थांबले होते. कोणता मंत्र म्हणत होता तो?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. 'मंत्र नव्हता' म्हणावं, तर बायकोचा आधार जायचा. एखाद्या देवाचं नाव घ्यावं, तर मेलेल्या मुलाच्या तोंडी खोटं घालायचं. शास्त्र्यांनी गंगेकडे बघत सांगितलं, "मी शिकवलेलाच."

"तुम्ही शिकवलेला?" इंदूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. "मग आणखी काय पाहिजे हो? शेवटी तोंडात बापाचे शब्द होते. नशीब लागतं त्याला."

शास्त्र्यांना वाटलं, आत्ता इथेच या पायऱ्या आपल्याला गिळून टाकतील तर बरं. त्या माउलीने धीर द्यायला म्हटलं होतं. कोणी जोडा काढून मारला असता तरी इतकं लागलं नसतं. ते उठले आणि जोडप्याने घरी जाण्याऐवजी म्हणाले, "तू हो पुढे. मी रामनगरला जाऊन येतो."

"आज? उपाशी?"

"नीरजाबाईंकडे काम आहे. जेवायला येतो."

पुलावरून जाताना ऑटोवाल्याने दोनदा काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही. मनात एकच झुंज चालली होती. गप्प बसावं, तर कोणाला कधी कळणार नाही. चौकशी आटोपली, नीरजाबाईंना काही सुचलेलं नाही, इंदू समाधानात आहे. आपण आणि आपला कान, दोघांनीच उरलेलं आयुष्य काढायचं. पण ती तुकडी? निनादच्या चालीत म्हणणारी पोरं? ती पोरंही अडली आणि मागे गेली तर? शास्त्र्यांनी स्वतःला समजावलं की असली खोड इतरांना लागली नसेल, ती आपल्याच घराची. मग त्यांना आपला मुलगा आठवला. शिकवायचं तर अर्धवट शिकवायचा नाही तो.

धावपट्टीवर धुकं होतं, म्हणून उड्डाणं बंद होती. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये दोन माणसांचं एक पांढरं विमान उभं होतं आणि पाचसहा तरुण त्याभोवती कोंडाळं करून होते. धुकं असलं की नीरजा त्यांना उभ्या विमानातच बसवून सराव करून घ्यायची. विमानात एक मुलगी बसली होती, डोळ्यांवर रुमाल बांधून. नीरजा पंखावर पाय देऊन तिच्यावर वाकली होती. धोतर सावरत येणारा म्हातारा पाहून ती चकित झाली, पण शास्त्र्यांनीच हाताने खूण केली की चालू द्या.

"गिरकी! डावीकडे!" नीरजा कडाडली.

मुलीचे हात भराभर चालले. "शक्ती बंद, हात मध्ये..." तिच्या तोंडून निनादची चाल ऐकून शास्त्र्यांनी शेडचा खांब धरला. स्वरसुद्धा तेच होते, जिथे त्यांनी ठेवले होते तिथे. "दांडी... अरे यार! शक्ती बंद..."

"मागे जाऊ नकोस!"

तो आवाज संकठा घाटावरच्या दाढीच्या आरशातून येणारा होता. शेडमधली सगळी माणसं जागच्या जागी थिजली. मुलीने रुमाल वर केला.

"सुरुची, हे निनादचे वडील," नीरजा म्हणाली.

"नमस्कार काका." मुलगी गोंधळली होती. "पण मागे तर जायलाच पाहिजे ना? निनादनेच सांगितलं होतं. उसका तो पक्का नियम था. चुकलं की पहिल्यापासून."

नीरजाने सुरुचीकडे पाहिलं, मग शास्त्र्यांकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. दोनदा का म्हणाला, ते आता तिलाही कळलं होतं. तिने तोंडावर हात ठेवला.

"त्याचा नाही, तो नियम माझा आहे," शास्त्री म्हणाले. आवाज फुटला तसा त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली नाही, तसंच पुढे बोलत राहिले. "त्याला मीच लावला. मुलांनो, तो जमिनीवर बसून शिकणाऱ्यांचा नियम आहे. जमिनीवर कोणी पडत नाही, म्हणून आम्हाला मागे जाणं परवडतं. वर तो चालत नाही. मला वर काय असतं ते माहीत नव्हतं, आणि मी शिकवलं. चुकलात तर चुकलात. जिथे आहात तिथूनच बरोबर करा आणि पुढे जा."

नीरजा पंखावरून उतरली. "काका," ती म्हणाली, "मी त्याच्याशेजारी बसून ऐकत होते. चुकून मागे जाताना मी त्याला ऐकलंय, आणि मला वाटलं किती कसून अभ्यास करतो पोरगा. मी शाबासकी दिली त्याला." त्या शेडमध्ये तेव्हा दोन शिक्षक उभे होते, आणि दोघांचाही विद्यार्थी एकच होता.

"मला बसता येईल का आत?" शास्त्र्यांनी विचारलं.

दोन पोरांनी आधार देऊन त्यांना सुरुचीच्या शेजारच्या जागेवर चढवलं. समोर घड्याळासारख्या तबकड्या होत्या, त्यांतली एकही चालत नव्हती. गुडघ्यांच्या मध्ये दांडी होती. तिच्या मुठीवर लाल बटण होतं. शास्त्र्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि काढून घेतला.

मग त्यांनी सुरुचीचा उजवा हात आपल्या हातात घेतला, जसा ते विद्यार्थ्याचा घेत, आणि तो दांडीवर ठेवला. वर आपला हात ठेवला. "म्हण," ते म्हणाले. "आणि मुद्दाम चूक."

"शक्ती बंद, हात मध्ये, दांडी..." सुरुची थांबली. तिचे डोळे मागे वळायला निघालेले शास्त्र्यांनी पाहिले. त्यांनी तिचा हात घट्ट दाबला.

"राहू दे. तिथूनच."

"पाय उलटा," ती म्हणाली.

इथवर निनाद आला होता. शास्त्र्यांनी श्वास घेतला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आता जिभेवर होतं. त्यात ना देव होता ना मंत्र. कोणत्याही ग्रंथात नसलेले, त्यांनीच एका संध्याकाळी हसत हसत जुळवलेले शब्द होते. त्यांनी ते स्वरासकट, सावकाश, पूर्ण आवाजात म्हटले.

"दांडी पुढे."

आणि दोघांच्या हातांनी दांडी पुढे गेली. मागे शेपटाकडे कुठेतरी करकर आवाज झाला. शास्त्र्यांनी दांडी तशीच धरून ठेवली आणि ते रडले. वर्षभरात पहिल्यांदा रडले, धाय मोकलून, परक्या पोरांसमोर. सुरुचीने आपला हात सोडवून घेतला नाही. बाहेर उभ्या पोरांपैकी एकाने डोक्यावरची टोपी काढली. नीरजाने त्यांना हटकलं नाही आणि सराव पुढे चालू करायची घाईही केली नाही.

जेवायला घरी यायला उशीरच झाला. इंदूबाई पानं वाढून, न जेवता बसल्या होत्या. नवऱ्याचे सुजलेले डोळे त्यांनी पाहिले, पण विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, वाटीत वरण घातलं, त्यावर तूप सोडलं. शास्त्र्यांनी पानाशेजारी चित्राहुती घातल्या आणि हात थांबला.

"पुरा केला मी त्याचा पाठ," ते म्हणाले.

"आज? तिकडे?" इंदूबाईंनी वाढता वाढता वर पाहिलं. सकाळी घाटावर का केला नाही, रामनगरला का, हे त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पुष्कळ राहिला होता का हो?"

शास्त्र्यांनी नाही अशी मान हलवली.

"दोनच शब्द राहिले होते."